आमच्या मशीनला आवाजच नव्हता

फाटकाला नोटीस चिकटवलेली होती. 'प्रेमानंद लहानूजी चहांदे, प्लॉट नंबर एकोणीस.' नाव माझंच, पत्ताही माझाच. आरोप तेवढे दुसऱ्या कोणाचे असावेत असं वाटत होतं. पहिला आरोप, निवासी भागात यंत्र चालवून ध्वनीची मर्यादा ओलांडणे. दुसरा, विनानोंदणी खाद्यपदार्थांचे वाटप करणे. मी वीज केंद्रात टर्बाइनवर चौतीस वर्षं काढली. एक मेमो नाही, एक लेट मार्क नाही. निरोपसमारंभात साहेबांनी माझ्याबद्दल पाच मिनिटं भाषण केलं, ते फार चांगलं होतं असं लोक सांगतात. आणि निवृत्त होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच मी एकाच कागदावर गोंगाट करणारा आणि भेसळवाला, दोन्ही झालो.

यातलं वाईट असं की आमच्या मशीनला आवाजच नव्हता.

मशीन म्हणजे मसाला कांडायची. दोन लोखंडी मुसळं आळीपाळीनं वर जातात आणि खालच्या उखळात पडतात, बस, एवढंच तिचं काम. माझी बायको कौसल्या काळा मसाला करते. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या दीप्तीनं एकदा डबाभर नेला आणि तिच्या ऑफिसातल्या लोकांनी तो पंधरा दिवसांत संपवला. "आई, थोडा विकायला कर ना," असं ती फोनवर म्हणाली. म्हणजे, कौसल्यानं मला तसं सांगितलं. फोनवरचं मला कौसल्याच सांगते, कारण आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे या प्लॉटांच्या वसाहतीत, नेटवर्क फार खराब आहे.

निवृत्त माणसाला काम मिळालं की तो त्याचं महामंडळ करतो. मी त्याच दिवशी वही उघडली, पहिल्या पानावर 'प्रकल्प' असं लिहिलं आणि कौसल्याला बसवून सगळी योजना समजावली. ती काही तरी म्हणाली. चेहरा गंभीर होता म्हणून मी मान हलवली. हे माझं जुनं धोरण. समोरचा गंभीर असला तर मान हलवायची, हसत असला तर हसायचं. टर्बाइन हॉलमध्ये आम्ही सगळे असेच बोलत होतो, आणि चौतीस वर्षांत माझ्यामुळे नागपुरात अंधार झाल्याचं ऐकिवात नाही.

मशीन घ्यायला मी एकटाच गेलो. दुकानदारानं चार मशीन चालवून दाखवल्या. तिसरीपाशी मी थांबलो. "हीच द्या," मी म्हटलं, "हिचा आवाज अजिबात नाही." दुकानदार माझ्याकडे पाहत राहिला. मग शेजारच्या नोकराकडे पाहत राहिला. मग त्यानं फार घाईनं बिल फाडलं.

मी नियमानं चालणारा माणूस, म्हणून मशीन बसवण्याच्या आधीच अन्न नोंदणीचा अर्ज भरला. आठवड्याभरात तपासणीला वेदिका मॅडम आल्या. तरुण, हळू बोलणाऱ्या. हळू बोलणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे, पण त्यांच्याशी व्यवहार करणं कठीण जातं. स्कूटर काढून मशीनसाठी मोकळी केलेली गॅरेजची खोली त्यांनी पाहिली, भिंतीवरून बोट फिरवलं, वही काढली आणि म्हणाल्या, "काका, इथे काम करताना तोटी पाहिजे. दोघांनाही."

मी म्हटलं, हो मॅडम, लगेच. दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला. गॅरेजमध्ये नळाची लाइन नव्हती. ती स्वयंपाकघरातून भिंत फोडून आणावी लागली. 'दोघांनाही' म्हटलं होतं म्हणून एक तोटी माझ्यासाठी, एक कौसल्यासाठी, शेजारी-शेजारी. कौसल्या दारात उभी राहून हात हलवून काहीतरी सांगत होती, पण प्लंबरचं ड्रिल सुरू होतं आणि कामाच्या वेळी बायकांचं ऐकत बसलं की काम होत नाही.

मॅडम पुन्हा आल्या. दोन्ही तोट्या मी सुरू करून दाखवल्या. त्यांनी आधी तोट्यांकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"काका, मी टोपी म्हटलं होतं," मॅडम म्हणाल्या. हे वाक्य मला कौसल्यानं नंतर कागदावर लिहून दाखवलं. त्या वेळी मी हसलो होतो, कारण मॅडम हसत होत्या. तपासणी अहवालात त्यांनी लिहिलं, 'अर्जदाराने टोपी घातलेली नाही. तोट्या दोन आहेत.' अर्ज बाकी राहिला.

मग मेडिकल. अन्नाला हात लावणाऱ्याची डॉक्टरी तपासणी लागते. छापील फॉर्म असतो. त्यात डोळे होते, त्वचा होती, नखं होती, खोकला, कावीळ, टायफॉइडची लस, सगळं होतं. कानाचा रकाना नव्हता. मी सर्व बाबतींत पास झालो. डॉक्टरनं शिक्का मारला, 'पूर्णतः सक्षम.' तो कागद मी लॅमिनेट करून घेतला.

नोंदणी येईपर्यंत विकायचं नाही, हे मी पाळलं. पण सराव म्हणून मशीन रोज सकाळी दहा ते एक सुरू होती. कौसल्या मसाला भाजून आणायची आणि उखळाशी बसायची. मी बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून पाकिटांवर चिकटवायचा मजकूर तयार करायचो. सुख म्हणतात ते हेच असावं असं मला त्या दिवसांत वाटत होतं. शांत सकाळ, भाजलेल्या दगडफुलाचा वास, आणि जमिनीतून पावलांना जाणवणारी एक बारीक थरथर, अगदी टर्बाइनसारखी.

चौथ्या दिवशी बाबनराव पौनीकर फाटकाशी आले. ते आमच्या उजवीकडचे शेजारी, पोस्टातून रिटायर झालेले. बाप विणकर, हातमाग घरातच, त्यामुळे बाबनरावांचं बालपण खटखट ऐकत गेलं आणि आवाज मोठा राहिला. म्हणून तर माझं त्यांच्याशी जमायचं. पण त्या दिवशी ते गेटच्या पलीकडून, मशीन सुरू असताना, दोन्ही हात हलवत बोलत होते. मला 'सखू' ऐकू आलं, 'धंतोली' ऐकू आलं आणि 'मसाला' ऐकू आलं. सखूबाई म्हणजे त्यांची बायको. त्यांच्या हृदयाचं काही तरी झालं होतं आणि धंतोलीच्या एका दवाखान्यातून त्यांना नुकतंच घरी आणलं होतं. मी चटकन समजलो. आजारी माणसाच्या तोंडाला चव नसते. आत जाऊन एक पाकीट आणलं आणि त्यांच्या हातात ठेवलं.

"असू द्या, असू द्या," मी म्हटलं. "शेजाऱ्याकडून काय घ्यायचं."

बाबनराव पाकिटाकडे पाहत राहिले. मसाल्याचं पाकीट हातात आल्यावर कोणी परत करत नाही. ते गेले.

चार दिवसांनी पुन्हा आले. या वेळी चेहरा लाल होता. मला वाटलं, मसाला आवडला. दुसरं पाकीट दिलं. तिसऱ्या वेळी ते काही बोललेच नाहीत, नुसते कानांवर हात ठेवून उभे राहिले. आमच्याकडे मोठ्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. इतकं कौतुक मला सोसवेना. मी तिसरं पाकीट दिलं आणि कौसल्याला सांगितलं, बाबनराव तुझ्या मसाल्याला मानून राहिले.

त्यानंतर फाटकाला नोटीस लागली. खाली तक्रारीची प्रत होती. 'तोंडी विनंती केली असता दरवेळी बेकायदेशीर मसाल्याचे पाकीट देऊन तक्रारदाराचे तोंड बंद करण्याचा प्रयत्न करण्यात आला. पुरावा म्हणून रिकामी पाकिटे तीन सोबत जोडली आहेत.' रिकामी! पुराव्यातला मसाला त्यांनी खाल्ला होता.

बातमी ले-आउटभर झाली आणि सल्ले यायला लागले. संकटात पैसा, माणूस, देव कोणी येत नाही, सल्ले येतात. एकानं सांगितलं, मशीनखाली ट्रकचे जुने टायर ठेवा, त्यांत वाळू भरा. दुसऱ्यानं सांगितलं, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवा, ते आवाज पितात. मी बाजारातून ऐंशी ट्रे आणून चिकटवले. वेदिका मॅडम तिसऱ्यांदा आल्या, ट्रे पाहिले आणि अहवालात लिहिलं, 'मसाला तयार करण्याच्या जागी अंड्यांचे वापरलेले ट्रे, टायर व वाळू.' मी खिडकी बंद ठेवायला लागलो होतो तीही त्यांनी लिहिली, कारण अन्नाच्या जागी हवा खेळती पाहिजे. म्हणजे आवाजाच्या नियमाप्रमाणे खिडकी बंद हवी होती आणि अन्नाच्या नियमाप्रमाणे उघडी. मी अर्धी उघडी ठेवली आणि दोन्ही नियम मोडले. तिसऱ्या एका हितचिंतकानं तर सांगितलं, "भाऊ, कळमेश्वरच्या एमआयडीसीत गाळा पाहून घ्या." चार किलो मसाल्यासाठी!

मी सगळं करत होतो, पण मनातून नाही. ज्या मशीनला आवाजच नाही तिचा आवाज कमी करायचा म्हणजे निरोगी माणसाला इंजेक्शनं देण्यासारखं होतं.

महापालिकेच्या झोन ऑफिसात सुनावणी लागली. साहेबांचं नाव मार्तंड ढोबळे. डोक्यावर पंखा घरघरत होता, टेबलावर फायली, आणि ढोबळे साहेब फायलीत तोंड घालून बोलत होते. त्यांच्या मिशीमुळे ओठही दिसत नव्हते. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाबनराव. मी तयारी करून गेलो होतो. मशीनची सगळी माहिती तोंडपाठ होती.

साहेबांनी काही तरी विचारलं.

"दीड हॉर्सपॉवर," मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. खोलीत कोणीतरी हसलं असावं, कारण दोन खांदे हलताना दिसले. तेवढ्यात बाबनराव माझ्या कानाशी वाकले आणि त्यांच्या त्या हातमागाची खटखट ओलांडणाऱ्या आवाजात ओरडले, "वय इचारून राहिले साहेब! वय!"

"साठ," मी म्हटलं.

पुढचे काही प्रश्न असेच झाले. साहेब विचारायचे, बाबनराव माझ्या कानात ओरडायचे, मी उत्तर द्यायचो. आरोपीचा दुभाषा म्हणून तक्रारदारानं काम केल्याचं उदाहरण त्या ऑफिसात दुसरं नसेल. आणि खरं सांगतो, त्यांनी एकही शब्द बदलला नाही. पण मला ते फार लागलं. चौतीस वर्षं ज्यानं टर्बाइनचं नुसत्या थरथरीवरून निदान केलं, त्याला पोस्टातला माणूस ऐकू आणून देतो! मी त्यांना हातानं बाजूला केलं.

मग साहेब बराच वेळ वाचत राहिले. चेहरा गंभीर होता. मी मान हलवली. ते आणखी वाचत राहिले. मी आणखी हलवली.

बाबनराव मध्येच उठले. "साहेब, यायले ऐकू नाही आलं. पुन्हा सांगा."

"मले सगळं ऐकू येते!" मी ओरडलो.

बाहेर आल्यावर शिपायानं आदेशाची प्रत दिली. 'सर्व आरोप वाचून दाखविण्यात आले. प्रतिवादीने मान हलवून प्रत्येक आरोप मान्य केला.' पुढे लिहिलं होतं की अंतिम निर्णयापूर्वी प्रत्यक्ष जागेवर आवाज मोजण्यात यावा. बाबनराव पायऱ्यांवर माझ्यासाठी थांबले होते. आम्ही एकाच बसनं आलो होतो, जायचंही एकाच बसनं होतं. कोराडी रोडवर उतरेपर्यंत दोघंही खिडकीबाहेर पाहत बसलो.

मोजणीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. आज दूध का दूध होणार होतं. ढोबळे साहेब आले, वेदिका मॅडमही आल्या, कारण त्यांचा कागद आता यांच्या कागदावर अडला होता. मोजणारा माणूस पिंटू, हातात टीव्हीच्या रिमोटएवढं यंत्र. ले-आउटमधले दहा-बारा जण फाटकाशी जमले.

"आधी मशीन बंद ठेवून घेऊ," पिंटू म्हणाला. त्याचं यंत्र मी वाकून वाचलं. एकसष्ट.

"दिवसाची मर्यादा किती?" मी विचारलं.

"पंचावन्न."

"म्हणजे बंद मशीनचा एकसष्ट?"

"बंद मशीनचा नाही, काका. रोडवरून कोळशाचे ट्रक जाऊन राहिले ना." हे त्यानं माझ्या तोंडासमोर येऊन सांगितलं. मी ढोबळे साहेबांना म्हटलं, हे लिहून घ्या, आमचा ले-आउट मशीनच्या आधीपासून बेकायदेशीर आहे. साहेबांनी लिहिलं नाही.

"आता सुरू करा."

कौसल्या गॅरेजमध्ये उभी होती. डोक्यावर मॅडमनी सांगितलेली पांढरी टोपी. तिनं बटण दाबलं. मुसळं वर-खाली व्हायला लागली. मी मशीनच्या अगदी शेजारी उभा राहिलो आणि लोकांकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात, माझी बाजू मांडायला सुरुवात केली. मी म्हटलं, बघा, आपण कसे आरामात बोलू शकतो. मी म्हटलं, याला तुम्ही आवाज म्हणत असाल तर मग झाडाच्या पानालाही नोटीस द्या.

मग माझ्या लक्षात आलं की समोर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाचे हात कानांवर आहेत. ढोबळे साहेबांनी एका कानावर फाइल धरली होती. वेदिका मॅडमचे डोळे बारीक झाले होते. पलीकडे पौनीकरांच्या खिडकीत सखूबाई उशी डोक्याभोवती धरून बसल्या होत्या आणि खिडकीची काच थरथरत होती. पिंटूनं यंत्र माझ्याकडे वळवून दाखवलं. एक्क्याण्णव.

मी वळून कौसल्याकडे पाहिलं. तिनं तेवढे कानांवर हात ठेवले नव्हते. क्षणभर मला बरं वाटलं. माझ्या बाजूनं एक तरी माणूस होतं. मग ती मशीन बंद करायला खाली वाकली आणि टोपी थोडी सरकली. तिच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. बाहेरून मिरचीच्या धुळीनं लाल झालेले.

मशीन थांबली. लोक पांगले नव्हते, पण मला त्यांचं काही वाटेना.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

तिनं बोळे काढले, टोपी नीट केली. "पहिल्या दिवसापासून."

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं ना."

"कधी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मी भांडलो असतो.

"रोज," ती म्हणाली. मला ते ओठांवरून समजलं.

ढोबळे साहेबांनी पंचनाम्याच्या शेवटी लिहिलं, 'प्रतिवादीचे म्हणणे आहे की यंत्रास आवाज नाही. सबब प्रतिवादीने श्रवणचाचणी करून अहवाल सादर करावा.' मशीनला सील लागलं.

धंतोलीत कौसल्या सोबत आली. गल्लीत एवढे दवाखाने आहेत की आपण निरोगी आहोत हे सांगायला लाज वाटते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, सगळीकडची माणसं पायऱ्यांवर डबे उघडून बसलेली. कानाच्या तपासणीला ऋतुजा नावाची मुलगी होती. तिनं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे कर्णे लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं.

मी तयारीचा माणूस. टर्बाइनवर आम्ही दर तासाला रीडिंग घ्यायचो, काट्याकडे न पाहताही मला आकडा माहीत असायचा. इथेही मी अंदाज बांधला आणि ठरावीक वेळानं, शिस्तीत, बटण दाबत गेलो. दहा-बारा वेळा दाबलं असेल. मग दार उघडलं, ऋतुजा आत आली आणि माझ्यासमोर वाकून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "काका, मी अजून सुरूच नाही केलं."

खरी तपासणी झाली तेव्हा मी फार कमी वेळा बटण दाबलं. डॉक्टरांच्या टेबलावर एक आलेख होता. रेघ डावीकडून निघाली होती आणि उजवीकडे जाता जाता विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. कारखान्यात काम केलं का, कानात बुच्चे घालायचे का, असं डॉक्टरांनी विचारलं. बुच्चे दरवर्षी मिळायचे. मी ते पाकिटासकट कपाटात ठेवायचो. ते घालणाऱ्यांना आम्ही हसायचो.

"किती वर्षांपासून ऐकू येत नाही?" डॉक्टरांनी विचारलं. मला नाही, कौसल्याला विचारलं.

"दीप्ती सातवीत होती तवापासून."

दीप्ती आता तीस वर्षांची आहे. मी बोटांवर हिशेब केला. घरात, माझ्या शेजारी, अठरा वर्षं ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. मला कोणी तरी सांगितलीही असणार.

अहवाल दिला, सील निघालं, पण मशीन गेली. निवासी भागात ती चालणार नव्हती आणि चालली असती तरी कौसल्यानं हात लावला नसता. "मले नाही करायचं आता," ती म्हणाली, आणि या वेळी मी मान हलवली नाही, नुसता ऐकत राहिलो. कळमेश्वरचा एक माणूस टेम्पो घेऊन आला. चढवायला माणसं कमी पडली तेव्हा बाबनराव लुंगीवरच धावत आले आणि त्यांनी एक बाजू धरली. मशीन गेल्यावर आठ दिवसांनी अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. दोन तोट्या, एक जाळीची खिडकी असलेलं आणि मसाला नसलेलं ते गॅरेज आता पूर्णपणे कायदेशीर आहे. स्कूटर तिथेच ठेवतो.

माझ्या कानांत आता मशीन आहे. दोन्ही कानांत. पहिल्या दिवशी सगळ्यात मोठा धक्का बसला तो माझ्याच आवाजाचा. मी भाजीवाल्याला मेथी विचारली आणि स्वतःच दचकलो. एवढ्या मोठ्यानं मी अठरा वर्षं बोलत होतो! बाबनराव कुंपणापलीकडून म्हणाले, "तुमच्या मशीनची तक्रार करता आली जी. तुमची कुठं करू?" सखूबाईंच्या दुखण्याला उतार होता. त्यांनी कौसल्याकडून आणखी मसाला मागवला आणि तिनं तो हातानं, खलबत्त्यात कुटून दिला. हे सगळं चांगलं झालं. पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे आणि ती मी कोणालाच सांगितलेली नाही.

दुपारची वेळ होती. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. कौसल्या आत जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. मला बोलण्याचा आवाज आला. कोण आलं म्हणून मी कान दिला. मला आता कान देता येत होता.

"भाजी कायची करू?" कौसल्या म्हणाली. मी उत्तर देणार, तेवढ्यात तिनंच आवाज थोडा जाड केला. "वांग्याची कर."

"वांगे तं कालच झाले."

"मग बेसन कर. थोडंच कर, तुह्या गुडघ्याले उभं राहवत नाही."

"राहते जी. आज कमी आहे."

"तेल लावलं होतं का?"

"लावलं."

"उद्या मी लावून देईन."

ती हसली. अगदी हळू, एखाद्या नव्या नवरीसारखी. तांदळातला खडा काढून तिनं बाजूला ठेवला आणि पुढचं बोलायला लागली. दीप्तीच्या नव्या घराबद्दल, गच्चीवरच्या तुळशीबद्दल, तिच्या मेलेल्या भावाबद्दल. प्रत्येक वाक्याला ती उत्तर देत होती, त्या जाड आवाजात. तो आवाज माझा होता. तो नवरा तिला मध्ये थांबवत नव्हता. गुडघा विचारत होता. भावाचं नाव निघालं तेव्हा तो म्हणाला, "रडू नको वं." मी इतका चांगला माणूस कधी नव्हतो.

मला राहवलं नाही. मी उठलो, दारात उभा राहिलो आणि माझ्या नव्या, हळू आवाजात म्हटलं, "कौसल्या, गुडघा फार दुखते का?"

ती दचकली. सुपातले तांदूळ सांडले. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला. "नाही," ती म्हणाली, "नाही दुखत." आणि गप्प झाली. मी खाली बसून तांदूळ गोळा करू लागलो. मी भावाबद्दल विचारलं, दीप्तीबद्दल विचारलं. ती हो म्हणाली, नाही म्हणाली. परक्या माणसाशी बोलावं तसं. दुसऱ्या दिवशी घर तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. भांड्यांचा आवाज यायचा, पंख्याचा यायचा, तिचा नाही. अठरा वर्षांत माझ्या घरात एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

चौथ्या दुपारी ती तूरडाळ घेऊन बसली. मी तिच्या समोर खुर्चीवर बसलो, तिला नीट दिसेल असं. दोन्ही कानांतल्या मशीन काढल्या, डबीत ठेवल्या आणि डबी बंद केली. मग पेपर उघडला.

बराच वेळ ती नुसती डाळ निवडत होती. एकदा तिनं माझ्याकडे पाहिलं, एकदा डबीकडे. मी पेपराचं पान उलटलं.

मग तिचे ओठ हलायला लागले.